कोष न विणणारा पतंग

अबुधाबीला निघाले तेव्हा गावातल्या बायकांनी मला यादीच दिली होती. ती उंच इमारत बघ, सोन्याचा बाजार बघ, वाळवंटात उंटावर बसून फोटो काढ. त्यातलं निम्मंसुद्धा मी पाहिलं नाही. महिनाभराच्या प्रवासातले माझे बरेचसे दिवस एका अळीच्या मागे गेले, आणि त्याची मला तिळभर खंत नाही.

आधी माझी ओळख सांगते. जालन्याजवळच्या गावात आमची दीड एकर तुती आहे, आणि बारा वर्षं आम्ही नवराबायको रेशीमकिडे वाढवतो. लोक अळी म्हटली की अंग आकसून घेतात, मी हात पुढे करते. अळीच्या चालण्यावरून तिला भूक लागली आहे की ताप आला आहे हे मी सांगू शकते. दिवाळीनंतरची बॅच विकली, शेड धुऊन चुना मारला, आणि पुढची बॅच येईपर्यंत महिनाभर धाकट्या भावाकडे राहायला निघाले.

अबुधाबीच्या विमानतळावर माझी बॅग बाजूला काढली गेली. आत रेशीमकोषांचा हार होता. आमच्याकडे सत्काराला फुलांऐवजी असा हार घालायची पद्धत पडली आहे, तोच मी भाचीसाठी करून घेतला होता. गणवेशातल्या तरुण मुलीने तो दोन बोटांनी उचलला आणि विचारलं, हे काय? मी माझ्या रेशमी पदराचं टोक पुढे केलं आणि कोषाकडे बोट दाखवलं. तिच्या लक्षात आलं. "हरीर!" (रेशीम) असं म्हणून तिने हार गालाला लावून पाहिला आणि हसत परत दिला. परदेशातली माझी पहिली ओळख रेशमानेच करून दिली, म्हणून मी ताठ मानेने बाहेर आले.

बाहेर भाऊ उभा होता. धनंजय मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात एका कंपनीत इंजिनियर आहे. "ताई, यल्ला, चल लवकर. गाडी चुकीच्या जागी लावलीय, फाइन बसेल," हे त्याचं चार वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. तो राहतो त्या वस्तीचं मोहम्मद बिन झायद सिटी इतकं लांब नाव तिथं कुणी घेत नाही, नुसतं एमबीझेड म्हणतात. सगळीकडे बैठी, मातकट रंगाची घरं आणि त्यांच्या उंच भिंती. अशाच एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर धनंजय, त्याची बायको सायली आणि अकरा वर्षांची इरा राहतात.

इरा मला बिलगली, मोठी गोड पोरगी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी तिच्या गळ्यात हार घातला. तिने एक कोष कानाजवळ नेऊन हलवला. खुळखुळ वाजला.

"आत्या, व्हॉट्स इनसाइड?"

"किडा असतो त्यात. सुकलेला."

"डेड?"

"अगं, आम्ही नाही मारत. आम्ही कोष विकतो. पुढचं घेणारे बघतात."

"दॅट्स द सेम थिंग, आत्या. दे बॉइल देम. आय सॉ अ व्हिडिओ."

तिने हार काढून टेबलावर नीट ठेवला आणि जाऊन हात धुऊन आली. तिच्या आईने डोळे वटारले, पण इरा उद्धट नव्हती. तिला ते मनापासून वाईट वाटलं होतं, आणि मला त्याहून जास्त. बारा वर्षं ज्या कामावर मी घर चालवलं, त्याची माझ्या भावाच्या मुलीला किळस यावी हे मला फार लागलं. येऊन चार तास झाले नव्हते, आणि मी ठरवून टाकलं की परत जाण्याआधी या पोरीच्या नजरेत मी पुन्हा बसणार.

संधी आठवडाभरात आली. शाळेच्या प्रदर्शनासाठी इराला आफ्रिका खंड मिळाला होता, आणि तिथला एक पतंग आणि एक फुलपाखरू यांची तुलना करायची होती. इतर मुलं चित्रं लावणार होती, हिला जिवंत हवं होतं.

"अबुधाबीत बसून आफ्रिकेचा पतंग कुठून आणणार?" धनंजय म्हणाला.

"पतंग ना? मग मी काय इथं खबूस (तिथली तंदुरी रोटी) खायला आलेय?" मी म्हटलं.

संध्याकाळी खाली उतरले. भिंतीलगत सदाफुलीचा वाफा होता. फरशीवर मिऱ्याएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या, आणि वरच्या फांद्यांची पानं गायब. लेंडी इतकी मोठी, म्हणजे अळी माझ्या बोटाएवढी असणार. पान उलटलं तर खाली बसलेली. हिरवीगार, शेपटाला छोटं पिवळं शिंग, आणि मी बोट लावताच तिने मान आत ओढली तसे पुढच्या भागावर दोन निळे डोळे उघडले. खोटे डोळे ते, शत्रूला घाबरवायला. इराने फोनवर शोधून काढलं की हा कण्हेरीवरचा पतंग. राहतो साऱ्या आफ्रिकेत, उडत पार युरोपापर्यंत जातो, आणि भारतातही असतो.

"आपल्याकडे तगरीवर असतात अशा," मी म्हटलं.

"यू नेव्हर टोल्ड मी!" इरा म्हणाली. माझ्याकडे सांगण्यासारखं काही असेल असं तिला पहिल्यांदाच वाटलं होतं.

शनिवारी आम्ही अल ऐनला गेलो. वाटेत गाडीत बसूनच करक (दाट मसालेदार चहा) मागवायचा ही तिथली रीत. हॉर्न दिला की माणूस धावत येतो. मला ते बरं वाटेना, मी उतरून आत जाऊन प्यायले. अल ऐनच्या खजुराच्या बागेत फलज (पाण्याचे दगडी पाट) पाहिले. इतक्या रुक्ष मुलखात सावलीतून पाणी खळखळत जाताना पाहून मी पायातल्या चपला काढून बसलेच. पण खरा शोध लागला तो परतीच्या रस्त्यावर, वाळूच्या कडेला. आपली रुई तिथं माणसाहून उंच वाढते. तिच्याभोवती नारिंगी पंखांचं, टोकाला काळं-पांढरं असं फुलपाखरू भिरभिरत होतं. आपल्याकडे याला बिबळ्या कडवा म्हणतात, आणि इराच्या फोनप्रमाणे हेही आफ्रिकेभर पसरलेलं.

धनंजय, इरा आणि मी रुईत वाकून अळ्या शोधत असताना मागे एक मोठी पांढरी गाडी थांबली. कंदुरा (पायघोळ पांढरा अंगरखा) घातलेले एक आजोबा उतरले. काही हरवलं का, असं ते विचारत असावेत. मग झाडाकडे बोट करून "अशखर, अशखर" (रुई) म्हणाले आणि डोळ्यांवर हात धरून दाखवू लागले.

"म्हणतायत, याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका," धनंजयने सांगितलं.

"त्यांना सांग, आमच्याकडे मारुतीला याच्याच पानांचा हार घालतात."

"ताई, एवढं अरबी मला येत नाही."

आजोबांनी आम्हाला पसाभर खजूर दिले आणि आमचं काय चाललंय याची आणखी चौकशी न करता निघून गेले. आम्ही रुईची एक फांदी आणि तिच्यावरची एक पट्टेदार अळी घेऊन घरी आलो.

गॅलरीत दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली, आणि इराची वही भरू लागली. फुलपाखराची अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या, उघड्यावर बसून निर्धास्त खाणारी. रुईचं विष तिच्या अंगात उतरतं, म्हणून पक्षी वाटेला जात नाहीत. पतंगाची अळी उलट लाजरी. पानाच्या रंगाची, पानाखाली, आणि अगदीच कुणी छेडलं तर ते खोटे डोळे. "एक खरंच विषारी आणि एक नुसती धमकी देणारी," मी म्हटलं. इराने ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहून घेतलं. आता ती शाळेतून आली की आधी माझ्याकडे येई. फुलपाखराची अळी खोक्याच्या झाकणाला उलटी लटकली आणि तिचा हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा कोश झाला, तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

तोपर्यंत पतंगाच्या अळीनेही खाणं सोडलं. हिरवी होती ती पाठीवरून तपकिरी झाली आणि खोक्यात गोल गोल फिरू लागली. मला सगळं ठाऊक होतं. खाणं सुटलं, चाल वाढली, म्हणजे अळी पिकली. आता ती कोष विणणार. आमच्याकडे पिकलेल्या अळ्या चंद्रिकेवर सोडतात. बांबूच्या चटईवर पट्ट्यांची गोल गोल वळणं करतात, त्या खाचांत बसून अळी रेशीम विणते. मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून दुपारभर बसून छोटीशी चंद्रिका केली आणि अळी तिच्यावर ठेवली.

"उद्या सकाळी बघ, कोष तयार. आणि हा आपण विकायचा नाही, उकळायचा नाही," मी इराला सांगितलं.

"शुअर?"

"अगं, बारा वर्षं हेच करतेय. पतंगाचं मला विचार."

सकाळी चंद्रिका रिकामी. अळी तळाशी फिरत होती. मी उचलून परत ठेवली. ती उतरली. पुन्हा ठेवली, पुन्हा उतरली. संध्याकाळपर्यंत मी तिला सात-आठ वेळा वर ठेवलं असेल. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी पाहिलं तर ती आखडून अर्ध्या लांबीची झालेली, कातडी काळवंडलेली. मी तरीही हात पुढे केला, तेव्हा इराने माझं मनगट धरलं.

"प्लीज स्टॉप, आत्या. यू आर किलिंग धिस वन टू."

मी हात मागे घेतला.

सकाळी साडेसहाला शाळेची बस येते. इराने खोकं उचलून माझ्या हातात दिलं. "लेट्स शो टेंडाई. शी नोज वर्म्स. दे ईट देम इन हर व्हिलेज," जिना उतरता उतरता ती म्हणाली. टेंडाई म्हणजे बसमधली नॅनी, मुलांना चढवायला-उतरवायला असते ती. झिम्बाब्वेची, चाळिशीची, भरदार बांध्याची बाई. तिने खोक्यात डोकावून पाहिलं, माझी पुठ्ठ्याची चंद्रिका पाहिली, आणि मोठ्याने हसली.

"ओ मामा (आई)! नो ट्री, नो हाउस. ही वॉन्ट सॉइल." मला कळलं नाही असं वाटून तिने हिंदीत सांगितलं, "मिट्टी, मिट्टी!" आणि दोन बोटं चालवत नेऊन तळहाताखाली खुपसून दाखवली.

मग बसच्या पायरीवर उभी राहून तिने भरभर सांगितलं आणि इराने मला ते सोप्या इंग्रजीत समजावलं. तिच्या गावाकडे मोपेन नावाच्या झाडांवर मादोरा (खायच्या अळ्या) येतात. बायका त्या गोळा करून वाळवतात, वर्षभर खातात. अळ्या पोसल्या की एक दिवस आपोआप झाडावरून उतरतात आणि जमिनीत जातात. तिथंच त्यांचा कोश होतो आणि तिथूनच पतंग निघतो.

"जमिनीत गेलेल्या उकरून नाही काढत?" मी विचारलं.

टेंडाईने मान हलवली. "नो, मामा. दोज आर फॉर नेक्स्ट यिअर."

"यल्ला, टेंडाई!" ड्रायव्हर ओरडला. बस गेली आणि मी खोकं घेऊन रस्त्यात उभी राहिले. माझ्या शेडमधल्या किड्यांनाच मी जगातले सगळे पतंग समजत होते! हा पतंग रेशमाचं घर बांधणारा नव्हताच. दोन दिवस ती बिचारी जमीन शोधत होती आणि मी तिला माळ्यावर चढवत होते.

आता माती आणायची कुठून? व्हिलाभोवती सगळी फरशी, आणि भिंतीबाहेर वाळू. मी वाळूच भरून घ्यायला वाकले, तेवढ्यात पलीकडच्या बागेत पाइप धरून उभा असलेला माळी ओरडला. माझी साडी बघून थेट मराठीतच बोलला.

"ताई, ती वाळू नका घेऊ! खारट आहे ती. कशासाठी पाहिजे?"

संगमेश्वरकडचा गणपत. चौदा वर्षं इथल्या बागांना पाणी घालतोय. मी खोकं उघडून दाखवलं. "हिच्यात ठेवलीत तर खलास होईल ती," म्हणत त्याने पोत्यातली कुजलेल्या पानांची माती खोक्यात भरली, वर हाताने चुरून पालापाचोळा घातला. "निसती हाताला गार लागेल इतकीच ओल ठेवा. आणि उकरून बघू नका सारखी."

मी अळी त्या मातीवर सोडली. ती क्षणभर निपचित पडून राहिली. मग तिने डोकं खाली घातलं आणि पाचोळ्यात शिरू लागली. दहा मिनिटांत दिसेनाशी झाली. मी तिथंच बागेच्या कठड्यावर बसले आणि मला रडू आलं. गणपत भला माणूस, पाइप घेऊन दुसऱ्या वाफ्याकडे गेला.

दुपारी इरा आली. "व्हेअर इज इट?"

"मातीत गेली आपल्या पायांनी. माझं चुकलं, इरा. मला या पतंगातलं काही माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही."

तिने मातीवर अलगद बोट टेकवलं. "ओके," म्हणाली. राग गेला होता का ते मला कळलं नाही.

पुढचे दिवस मी बाकीच्यांसारखी प्रवासी झाले. समुद्रकाठी फिरले, लुगैमात (खजुराच्या पाकात बुडवलेले गोल भजे) खाल्ले. सायलीबरोबर दुबईला अल मनखूलमध्ये तिच्या मैत्रिणीकडे जाऊन थालीपीठ-लोणी हाणलं. तिथं एवढी मराठी माणसं भेटली की परदेशात आहे हे विसरायला झालं. पण घरी परतले की आधी मातीवर हात ठेवून ओल पाहायची. फुलपाखरू ठरल्यासारखं निघालं, आणि इराने ते गच्चीवरून सोडलं. माती तशीच.

प्रदर्शनाचा गुरुवार उजाडला तरी माती तशीच होती. इराने फुलपाखराच्या कोशाची रिकामी साल, दोन्ही अळ्यांचे फोटो आणि मातीचं खोकं मांडलं. तक्ता सुबक होता: फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ, पतंगाच्या मिशा टोकाकडे निमुळत्या. ते पंख मिटून उभे धरतं, हा छपरासारखे पसरून बसतो. ते उन्हातलं, हा संधिप्रकाशातला. मुलं येऊन खोक्यात बघत आणि "नथिंग देअर!" म्हणून हसत. शेवटी शिक्षिकेनेच विचारलं की यात काय आहे.

"माय आत्या इज अ मॉथ फार्मर," इराने स्पष्ट आवाजात सांगितलं. "शी हॅज किल्ड लॅक्स ऑफ मॉथ्स. नाउ शी इज ट्राइंग टू सेव्ह वन."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हात जोडून नमस्कार केला. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शनिवारी दुपारी मी बॅग भरत होते. दुसऱ्या दिवशी विमान. गॅलरीतून किंचाळी आली.

"आत्या! आत्या, माती हलतेय! लवकर ये!"

चक्क मराठीत. मी धावले. पाचोळा उचलला गेला होता, आणि खालून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर येत होतं. पंख नखाएवढे, अंग जाडजूड. ते धडपडत आम्ही रोवलेल्या काडीवर चढलं आणि थांबलं. मग ते पंख हळूहळू खाली उतरू लागले, हिरवे, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या लहरी. अर्ध्या तासात तळहाताएवढा पतंग आमच्यासमोर बसला होता.

तुम्हाला सांगते, आमच्या धंद्यात पतंग बाहेर येणं म्हणजे नुकसान. तो कोष फोडून निघाला की धागा तुटतो, मग त्या कोषाला कुणी विचारत नाही. त्या दिवसाच्या आत माल बाजारात पोचला पाहिजे, या घाईत माझी बारा वर्षं गेली. आणि इथं मी त्याच क्षणासाठी देवाला हात जोडून बसले होते. मला इतका आनंद झाला की शेजारी इरा आहे हेही विसरले.

"तुझे पण असेच निघतात?" तिने हळूच विचारलं.

"निघत असतील. एखादा राहून गेलेला कोष फुटलेला सापडतो. मी थांबून कधी बघितलं नाही. आणि ते उडत नाहीत. माणसाने इतकी वर्षं पाळले की पंख असून उडता येत नाही त्यांना."

ती माझ्या खांद्याला टेकून बसली. मगरिबची (सूर्यास्ताची) बांग झाली तसे पतंगाचे पंख थरथरू लागले. तो अंग तापवून घेत होता. मग एकदम सुटला आणि सदाफुलीच्या वाफ्यावरून भिंतीपलीकडे गेला.

घरी परतले. रेशीम मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. आमची चूल त्यावर पेटते, आणि मला माझं काम येतं. पण "आम्ही मारत नाही, फक्त विकतो" हे वाक्य मी आता कुणापुढे म्हणत नाही. अकरा वर्षांच्या मुलीने ते माझ्याकडून कायमचं काढून घेतलं, आणि त्याविना मला हलकंच वाटतं.

पोचले तेव्हा हे शेडमध्ये नव्या बॅचसाठी रॅकवर चुना टाकत होते. "काय मग, उंच इमारत पाहिली का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही. पतंग बाहेर येताना पाहिला."

त्यांचा हात थांबला. त्यांनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कसा येतो गं?"